अस्वलरावांच्या सायकलचे नवे रबर

एका जंगलात एक लांबलचक उतार होता, आणि बाळांनो, त्या उतारावरून रोज सकाळी अस्वलरावांची सायकल यायची. सायकल आजोबांच्या काळातली. घंटी चकचकीत, हँडलला गोंडे, आणि ब्रेकचे रबर झिजून बोराच्या सालीएवढे उरलेले. ब्रेक दाबला की लोखंड नुसतं किंचाळायचं.

"मग थांबता कसे हो?" असं कोणी विचारलं की अस्वलराव पाय उचलून दाखवत. चप्पल पुढच्या टायरवर दाबायची. नाहीच थांबली सायकल, तर ज्याला धडकेल त्याने बघून घ्यायचं.

उताराच्या पायथ्याशी कोंडाबाई रानकोंबडीचं घरटं होतं. मागल्या खेपेची तिची सगळी अंडी याच चाकाखाली गेली होती. आता ती पुन्हा उबवायला बसली होती, आणि भीतीने तिचा डोळा लागत नव्हता.

तिने जंगलाचे पंच सांबरतात्या यांना हाक मारली. "तात्या, त्या अस्वलाला रबर बदलायला सांगा."

"अगं, जुनं घराणं आहे त्यांचं. असं तोंडावर कसं सांगायचं? तूच जरा सरकून बस ना."

"अंडी उबवतेय मी! पंगतीला नाही बसले, या पानावरून उठून त्या पानावर जायला."

तात्यांनी शिंगं हलवली आणि ते गेले. शिंगं मोठी असली की हलवायलाच वेळ जातो.

दुपारी अस्वलराव मध चाटून घोरत पडले. कोंडाबाईने अंड्यांवर पालापाचोळा ओढला, माकडाच्या दुकानातून नवे रबर आणले आणि कामाला लागली. नट चोचीने ढिले केले. झिजलेले रबर काढले, नवे बसवले. चाक फिरवून ते रिमला बरोबर टेकतात का तेही पाहिलं. कोणी शिकवलं होतं? कोणी नाही. डोळे होते ना तिला!

दुसऱ्या सकाळी अस्वलराव भरधाव आले. सवयीप्रमाणे दोन्ही ब्रेक करकचून आवळले, कारण एरवी त्याने काही होतच नसे. सायकल घरट्याच्या वीतभर अलीकडे गच्च थांबली. अस्वलराव मात्र थांबले नाहीत. ते हँडलवरून उडून करवंदीच्या जाळीत गेले.

सगळं जंगल धावलं.

"घातपात!" अस्वलराव काटे उपटत ओरडले. "जन्मात कधी पडलो नव्हतो मी!"

"खरंच," तात्या म्हणाले. "रबर नव्हते तेव्हा कोणी पडलं होतं का?"

"रबर मीच बसवले," कोंडाबाई म्हणाली. "आणि माझी अंडी?"

"अंड्यांनी कधी तक्रार केली?"

निकाल लागला. रबर काढून टाका, कोंडाबाईने माफी मागावी. कोंडाबाईने माफी मागितली नाही. ती पाठ फिरवून घरट्यात बसली, आणि त्याच संध्याकाळी अंडी तडकली. चिवचिव करणारी पिलं पंखाखाली घेऊन ती दूरच्या टेकाडावर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सायकल पूर्वीसारखी झाल्याचा सोहळा होता. तात्या हार घेऊन उताराच्या पायथ्याशी, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

अस्वलराव आले. चप्पल घासली, घंटी वाजली.

तात्यांची शिंगं अजून जंगलात शोधताहेत.

तात्पर्य: बाळांनो, दुसऱ्याच्या सायकलला कधीही ब्रेक बसवू नका. पडलेला पंचांकडे जातो, आणि वाचलेला अजून अंड्यात असतो.