भुवई दिसेपर्यंत

बंदरसाहेबांच्या डोक्याची डावी बाजू पूर्ण झाली आणि मशीन बंद पडले.

सलूनवाल्याने ते हलवून पाहिले, तळहातावर आपटून पाहिले, वायर काढून पुन्हा लावून पाहिली. मशीनने एकदा खाकरल्यासारखा आवाज केला आणि मग जे मौन धरले ते धरलेच. आरशात साहेब दिसत होते. डावीकडून ते नुकतेच नोकरीला लागल्यासारखे दिसत होते आणि उजवीकडून निवृत्तीला टेकल्यासारखे.

"काय झालं?" साहेबांनी विचारले.

"काही नाही साहेब. दुसरं मशीन आहे ना. कपाटात."

"मग काढ की."

सलूनवाल्याने खिसे चाचपले आणि त्याचा चेहरा उतरला. कपाटाची किल्ली घरच्या जुडग्यात होती, जुडगा बायकोच्या पर्समध्ये होता आणि पर्स बायकोसकट टोकावर गेली होती.

टोक म्हणजे बंदराच्या पलीकडे समुद्रात घुसलेली लांबट, खडकाळ टेकडी. वसंत सुरू झाला की समुद्रापलीकडून हजारो पक्षी निघत आणि उडून उडून जीव मेटाकुटीला आला की त्यांना पहिली जमीन दिसे ती हीच. गावातले पक्षीमंडळ मग रोज सकाळी तिथे दुर्बिणी घेऊन उभे राही. सलूनवाल्याची बायको दोन वर्षांपासून त्या मंडळात होती.

"साहेब, पाच मिनिटांत किल्ली घेऊन येतो."

"आज नवी फेरीबोट यायची आहे, ठाऊक आहे ना? हेड ऑफिसचे मोठे साहेब तिच्यातून येतायत. मी असा जाऊ धक्क्यावर?"

"पाच मिनिटं, साहेब. हलू नका." हे शब्द त्या दिवशी आपल्याला किती वेळा ऐकावे लागणार आहेत, याची सलूनवाल्याला तेव्हा कल्पना नव्हती. तो ॲप्रनसकट टेकडीकडे पळत सुटला.

इथे त्याच्या केसांबद्दल सांगायला हवे. बंदरावर सलून एकच. सगळ्या गावाची डोकी त्याच्या हाताखालून जात, पण त्याच्या डोक्याला हात लावणारे कोणी नव्हते. त्यामुळे त्याचे केस मनाला येईल त्या दिशेने वाढत आले होते. बायको पूर्वी बोलायची, आता तीही बोलत नसे. तिचे लक्ष दुसरीकडे होते.

मागच्या वसंतात तिने मंडळाला सांगितले होते, की मला पिवळ्या भुवईचा वटवट्या दिसला. वटवट्या म्हणजे चिमणीहून लहान, हिरवट रंगाचा पक्षी. त्याच्या अनेक जाती आणि सगळ्या एकमेकींसारख्या. त्यातला पिवळ्या भुवईचा या किनाऱ्यावर कधी कोणी पाहिला नव्हता. मंडळाच्या अध्यक्षीणबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्म्यावरून बघत म्हटले होते, "नवीन माणसाला सुरुवातीला सगळंच पिवळं दिसतं." तेव्हापासून सलूनवाल्याच्या घरात जेवताना, झोपताना आणि कपडे वाळत घालताना एकच विषय होता.

टोकावर पाच-सहा माणसे समुद्राकडे तोंड करून गप्प उभी होती. सलूनवाला धापा टाकत बायकोपर्यंत पोचला. "अगं," तो म्हणाला, "कपाटाची किल्ली—"

तेवढ्यात त्याच्या डोक्यावर काहीतरी टपकन पडले.

त्याला वाटले, खडा असेल. त्याने हात वर नेला. बायकोने तो हवेतच पकडला.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "हलू नका."

"काय आहे?"

"बोलूही नका. बोललात की तुमचे कान हलतात."

बोलताना आपले कान हलतात हे त्याला लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर पहिल्यांदाच कळले. मंडळी एकेक करून त्याच्याभोवती जमली. कोणी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते. सगळ्यांच्या नजरा त्याच्या कपाळाच्या चार बोटे वर होत्या.

"वटवट्या," दातांचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा काढला. "पार दमलाय. मान जरा वर करा. हां, असेच राहा. आता गिळू नका. दुखलं तर डावा हात वर करा."

"बाई, बघा," बायको अध्यक्षीणबाईंना म्हणाली. "पंखावर दोन पट्टे आहेत. मागच्या वर्षी मी सांगत होते तो हाच."

अध्यक्षीणबाई जवळ आल्या. त्यांनी सलूनवाल्याला एक प्रदक्षिणा घातली. "पट्टे आहेत," त्या म्हणाल्या. "पण पट्टे इतरांनाही असतात. भुवई कुठे दिसतेय? त्याने डोकं पंखात खुपसलंय."

"झोपलाय तो."

"तेच म्हणते मी. भुवई दिसल्याशिवाय मंडळ नोंद करत नाही."

"मग उठवा ना त्याला," सलूनवाला ओठ न हलवता म्हणाला. सगळ्यांनी आता पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि ते पाहणे काही प्रेमाचे नव्हते.

"अख्खा समुद्र ओलांडून आलाय तो," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "पुरेशी झोप झाली की आपणहून उठेल. तुम्हाला काय घाई आहे?"

"खाली बंदरसाहेब बसलेत. अर्धे."

हे कोणाला समजले नाही. बायकोला मात्र समजले. तिने एकदा बंदराकडे पाहिले, एकदा नवऱ्याच्या डोक्यावर पाहिले. मग ती त्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "थोडा वेळ. माझ्यासाठी."

ती असे काही मागणाऱ्यांतली नव्हती. सलूनवाल्याने पाय थोडे फाकवले, नजर समुद्रावर लावली आणि तो उभा राहिला.

पहिल्यांदा नाक खाजले. बायकोने पदराने पुसले. मग डावा पाय बधिर झाला. तिने त्याला आपल्या खांद्याचा आधार दिला. त्याला तहान लागली, तेव्हा तिने बाटलीच्या झाकणातून घोट घोट पाणी पाजले, आणि गिळताना डोके हलू नये म्हणून हनुवटीखाली हात धरला. इतका वेळ ती त्याच्याकडे टक लावून कधीच बसली नव्हती. फक्त नजर चार बोटे वर होती. पण तेवढे चालण्यासारखे होते. नाव वटवट्या असूनही पक्षी चकार शब्द काढत नव्हता. अधूनमधून त्याच्या इवल्याशा नखांची हालचाल टाळूला जाणवे, तेवढेच.

बातमी फोनवरून पसरली. शेजारच्या गावातले दोघे-तिघे स्कूटरवरून आले. "कुठे आहे?" असे विचारत ते यायचे आणि "अच्छा, याच्यावर" असे म्हणून कॅमेरे लावायचे. एकाने सलूनवाल्याला नमस्कार केला, पण सलूनवाल्याला तो परत करता आला नाही.

आणि मग टेकडी चढत बंदरसाहेब आले. गळ्याला सलूनची पांढरी चादर बांधलेली, ती वाऱ्याने मागे फडफडत होती. डोके एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने भरघोस. कमरेला वॉकीटॉकी.

"पाच मिनिटं?" साहेब लांबूनच गरजले. "ही तुझी पाच मिनिटं?"

"शूऽऽ," सगळे मंडळ एका आवाजात म्हणाले.

साहेबांना अशा वागणुकीची सवय नव्हती. ते थबकले. सलूनवाला समुद्राकडे पाहतच म्हणाला, "साहेब, माफ करा. डोक्यावर पक्षी आहे."

"मग उडव."

"बायकोचा आहे."

साहेबांनी बायकोकडे पाहिले. बायकोने त्यांच्याकडे असे पाहिले, की त्यांनी तो विषय सोडून दिला. समुद्रावर एव्हाना नव्या फेरीबोटीचा पांढरा ठिपका दिसू लागला होता. साहेबांनी चादरीतून हात काढून तिकडे बोट केले. "ती बघ आली. आता खाली जाऊन मशीन आणायला वेळ नाही. कात्री आहे का तुझ्याकडे?"

"ॲप्रनच्या खिशात आहे. कंगवापण आहे."

"मग काप. इथेच काप."

सलूनवाल्याला मान वाकवता येत नव्हती, म्हणून साहेबांनाच मानेखालून, बगलेखालून आपले डोके त्याच्या हाताला आणून द्यावे लागले. साहेब उंच. ते उतारावर दोन पावले खाली उभे राहिले, मग गुडघे वाकवून उभे राहिले, मग एका गुडघ्यावर बसले.

"साहेब, जरा उजवीकडे. अजून थोडं. आता वर या."

"बघून काप."

"बघता येत नाही, साहेब. अंदाजाने कापतोय."

हे ऐकल्यावर साहेबांनी डोळे मिटून घेतले. कात्री समुद्राकडे तोंड करून चालू लागली. कानावरची एक बट पडली असेल-नसेल, तोच अध्यक्षीणबाई पुढे झाल्या. "बोट बंदरात शिरताना भोंगा वाजवते का हो?"

"वाजवणारच. नियम आहे," साहेब एका गुडघ्यावरून म्हणाले.

"मग वाजवू नका म्हणून कळवा. पक्षी दचकेल."

"एका पाखरासाठी मी भोंगा बंद करू? बाई, बंदर चालवतोय मी, पाळणाघर नाही."

त्याच क्षणी सलूनवाल्याला टाळूवर हालचाल जाणवली. पक्षी जागा झाला होता. त्याने पिसे झटकली, एक पाय ताणला, इकडेतिकडे पाहिले, आणि टुणकन उडी मारून तो बंदरसाहेबांच्या डोक्याच्या उजव्या, न कापलेल्या बाजूवर जाऊन बसला.

साहेब थिजले. चेहऱ्यावरचा राग अर्ध्या वाटेत जिथे होता तिथेच राहिला.

"हलू नका," सलूनवाला म्हणाला. हे दुसऱ्याला सांगताना किती बरे वाटते, हे त्याला तेव्हा कळले.

पक्ष्याचे तोंड नेमके अध्यक्षीणबाईंकडे होते. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. हातभर अंतरावरून दुर्बिणीतून नुसता हिरवा धूर दिसत होता, म्हणून त्या चार पावले मागे गेल्या, आणि तिथून बराच वेळ पाहत राहिल्या.

"पिवळी आहे," त्या शेवटी म्हणाल्या. दुर्बीण खाली घेऊन त्यांनी चष्मा पुसला. "मागच्या वर्षीचाही हाच असावा. मी तेव्हा घाई केली."

सलूनवाल्याच्या बायकोने आपली दुर्बीण पदराने पुसायला घेतली आणि ती कितीतरी वेळ पुसतच राहिली.

इकडे बंदरसाहेबांनी अतिशय सावकाश हात कमरेकडे नेला आणि वॉकीटॉकी तोंडाशी आणला. "बोटीला सांग," ते कुजबुजले, "भोंगा वाजवू नका."

"साहेब, ऐकू येत नाही," धक्क्यावरचा माणूस म्हणाला.

"भोंगा वाजवू नका."

"भोंगा वाजवू का?"

"नका."

"वाजवू ना का? बरं साहेब, सांगतो."

बोटीने भोंगा वाजवला. नवा होता, आणि मोठ्या साहेबांसमोर पहिल्यांदाच वाजत होता, त्यामुळे जरा जास्तच वाजला. खालच्या धक्क्यावरचे समुद्रपक्षी उठले, स्कूटरवाल्यांपैकी एक खडकावरून घसरला, अध्यक्षीणबाईंनी कान झाकले. पुन्हा पेंगू लागलेल्या वटवट्याने फक्त एकदा डोळा उघडला आणि मिटला. ज्याने वारा, वादळ आणि अख्खा समुद्र सोसला होता, त्याला भोंग्याचे काय कौतुक असणार? सलूनवाल्याच्या मनात आले, की मग आपण एवढा वेळ नाक का खाजवले नाही.

यानंतर जे झाले ते कोणाच्याच नीट लक्षात नाही. मंडळी बायकोचे अभिनंदन करू लागली. डॉक्टर कॅमेऱ्यातले फोटो दाखवू लागले, ते पाहायला सगळे त्यांच्याभोवती जमले. नोंद कोणाच्या नावावर करायची यावर थोडे बोलणे झाले. फोटोतला पक्षी इतका सुंदर आला होता, की खऱ्याकडे कोणाचेच लक्ष राहिले नाही. तो केव्हा उडाला, कुठे गेला, हे एवढ्या दुर्बिणींपैकी एकीलाही दिसले नाही.

बंदरसाहेबांना ते कोणी सांगितले नाही.

त्यामुळे हेड ऑफिसचे मोठे साहेब धक्क्यावर उतरून, कोणीच घ्यायला आले नाही म्हणून चौकशी करत करत टेकडीवर पोचले, तेव्हा त्यांना दिसले ते असे: बंदराचा प्रमुख अधिकारी एका गुडघ्यावर बसलेला, गळ्यात चादर, अर्धे डोके भादरलेले, नजर शून्यात.

"काय चाललंय?" मोठ्या साहेबांनी विचारले.

"हळू बोला, सर," बंदरसाहेब ओठ न हलवता म्हणाले. "डोक्यावर बसलाय."

मोठ्या साहेबांनी त्यांच्या डोक्याकडे नीट पाहिले. पुढून पाहिले, बाजूने पाहिले. मग त्यांनी हलकेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "रजा शिल्लक आहे ना तुमची?" त्यांनी मऊ आवाजात विचारले.

बायकोने डॉक्टरांचा कॅमेरा हिसकावून त्यांना बंदरसाहेबांच्या डोक्यावरच्या पक्ष्याचा फोटो दाखवला म्हणून बरे झाले, नाहीतर प्रकरण फार लांबले असते. मोठ्या साहेबांनी फोटो पाहिला, स्वतःच्या फोनवर मागून घेतला, आणि जाताना बंदरसाहेबांशी हात मिळवला.

संध्याकाळी सलूनवाल्याला बायकोने तोच फोटो दाखवला. एवढा वेळ डोक्यावर बाळगूनही त्याने तो पक्षी नीट पाहिला नव्हता.

"लहान आहे," तो म्हणाला.

"तुम्ही छान उभे राहिलात," बायको म्हणाली. या वेळी ती त्याच्या डोळ्यांकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी बंदरसाहेब राहिलेली बाजू पूर्ण करायला दुकानात येतील अशी त्याची अपेक्षा होती. ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. बायको सांगायची, की ते रोज पहाटे टोकावर येतात, खडकावर बसतात आणि कोणाशी बोलत नाहीत. पुढच्या आठवड्यात ते दुकानात आले आणि खुर्चीवर बसले. सलूनवाल्याने चादर बांधली, दुरुस्त केलेले मशीन हातात घेतले आणि उजवीकडे नेले.

"ती बाजू राहू दे," साहेब म्हणाले.

"बरं. मग डावीकडची जरा सारखी करतो. वाढलीय."

"तीही राहू दे. कुठून येईल सांगता येत नाही."

सलूनवाला मशीन हातात धरून उभा राहिला. "मग साहेब, काय करू?"

बंदरसाहेबांनी दाराबाहेर कोणी नाही ना हे पाहून घेतले. मग ते आरशात पाहून, जरा संकोचून म्हणाले, "मान कशी धरली होतीस, तेवढं दाखव."