मधमाश्यांची पहिली शिफ्ट

आमच्या संत तुकाराम नगरात नलावडे काका मधमाश्यांची हजेरी घेतात. अंगणात तुळस, सब्जा, झेंडू आहे, पण देवाला एक फूल मिळत नाही. सगळं माश्यांसाठी राखीव. वहीत पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट असे रकाने. फुलपाखरं म्हणजे व्हिजिटर. भुंगा आला की "साहेब आले" म्हणत काका खुर्चीतून उठतात. औषध फवारणाऱ्याला त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं. "लाइन थांबता कामा नये, राव."

चाकणच्या कंपनीत काकांनी तीस वर्षं पत्रा ठोकणारी प्रेस चालवली. कान तिथंच ठेवून आले, असं काकू म्हणतात. कानाचं मशीन आणलंय, पण त्यात फक्त पंखाच ऐकू येतो म्हणून ते कपाटात. परिणामी काकांची कुजबुज दोन गल्ल्या ओलांडते.

चार वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना मोशीजवळ एक आंबा पडला. त्याच्या फांदीवर सीतेची वेणी होती, आपल्या सह्याद्रीतलं ऑर्किड. काकांनी फांदी स्कूटरवर मागं बसवली, हेल्मेट तिलाच घातलं आणि घरी आणून काकूंच्या जुन्या साडीनं शेवग्याला बांधली.

मी म्हणालो, "काका, बांडगूळ आहे हे. शेवगा खाऊन टाकेल."

"बांडगूळ तू. ती झाडाचं काय खात न्हाई, नुसती टेकून बसती. तिच्यावर एक माशी बसलेली बघायचीय मला."

चार वर्षं ती नुसतीच टेकली. काका रोज पाणी देत आणि रोज बोलणी खात, काकूंची.

यंदा मे महिन्यात ते माझ्या कानाशी आले. "कळ्या आल्यात. कुणाला सांगू नको, चोरतील."

सकाळी अख्खी गल्ली कुंपणाशी. फितूर मीच ठरलो. काका आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नवव्या दिवशी त्यांनी हात धरून मला शेवग्याखाली नेलं. गुलाबी-पांढरा तुरा लोंबत होता आणि त्यावर चार-पाच माश्या. वही खुर्चीत तशीच पडली होती. काका पहिल्यांदाच हळू बोलले.

"आवाज करत्यात का रं?"

"करतात की."

"कसा? लहानपणी ऐकलेला. आता आठवंना."

गल्लीतले सगळे बघत होते. मी काकांच्या कानाला तोंड लावलं आणि छातीतून, होईल तेवढ्या जोरात गुणगुणलो.

काकांनी डोळे मिटले. माझा श्वास संपला तसा त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"थांबू नको. शिफ्ट अजून संपली न्हाई."