जंगलाने परत केलेला कागद

"जंगलात टाकलेलं जंगल परत करतं, लक्षात ठेवा!" बाईंनी दम भरला आणि अख्खा वर्ग चिडीचूप झाला. धड्याने जे साधलं नव्हतं ते भीतीने साधलं. शेजारी हेडसर उभे होते. निघतानाच त्यांनी बजावलं होतं, "कागदाचा कपटा जरी मागे राहिला, तरी ही सहल शेवटची." बाईंचा तर जीव या सहलीत अडकलेला.

ओरडून घसा बसला. बाईंनी खोकल्याची गोळी तोंडात टाकली, इकडेतिकडे पाहिलं आणि तिचा लाल कागद हळूच झुडपात सोडला.

पाणवठ्यावर रुमालासाठी पर्स उघडली, तर वरच तो लाल कागद!

"भास झाला असेल," बाई पुटपुटल्या आणि त्यांनी तो काठावरच्या दगडाखाली दाबला. पान हलत नव्हतं, पाखरू बोलत नव्हतं. तरी मागे पाचोळा चर्रकन वाजला. वळून पाहिलं, तर कुणी नाही.

बसमध्ये बाईंच्या सीटवर कागद होता. ओला, चिखल लागलेला.

"बाई, घाम फुटलाय तुम्हाला," हेडसर म्हणाले.

"उकडतंय, सर."

बस सुटली. बाईंनी मूठ खिडकीबाहेर काढली, तोच मागून गार बोटांनी त्यांचा दंड धरला. बाई अशा किंचाळल्या की ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला.

मागे यंदाच शाळेत आलेली अबोल मुलगी होती. पावलं वाजत नाहीत म्हणून पोरं तिला मांजर म्हणत.

"बाई, आता नका ना टाकू. दोनदा आणून दिला. चालत्या बसमधून मला उतरता नाही येणार."

बाईंनी मान खाली घातली. "म्हणजे ही सहल शेवटची, सर?"

"मागे कुठे काय राहिलंय?" हेडसरांनी मिशीवर हात फिरवला. "दरवर्षी मुलांना आणा. आणि मुलांनो, तुम्ही बाईंनाही आणत जा."

घरी आल्यावर बाईंनी तो कागद कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि हसतच पर्स रिकामी केली. तळातून आणखी एक कागद पडला. त्याच गोळीचा, पण उन्हाने विटलेला, कडांना शेवाळ धरलेला. गेल्या सहलीतला.

तेव्हा मांजर शाळेत नव्हती.

बाई त्याआधीच्या सहलींत काय काय टाकलं होतं, ते आठवू लागल्या.