तिसरा अंक तांदळाच्या कोठीत

मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, तोंडावर आली, जत्रेतल्या नाटकाचे दोन अंक तालमीत उभे राहिले, तरी तिसऱ्या अंकाचा पत्ता नव्हता. इश्वर हा अड्याळच्या पतसंस्थेतला रोखपाल आणि गावच्या मंडळाचा हौशी नाटककार. रोज संध्याकाळी पेन उघडायचा आणि म्हणायचा, "हे एक रील पाहतो अन् लिवाले बसतो." मग रीलमध्ये कोणी बोडीच्या पाण्यात उतरून मासे धरायचा, कोणी म्हशीला नाचवायचा आणि जेवायची वेळ व्हायची. मंडळाचे अध्यक्ष भय्याजी यांनी निरोपच धाडला, की या आठवड्यात अंक आला नाही तर मंडईला वडशाची नाटक कंपनी आणू. म्हणजे गावासमोर नाकच कापलं जाणार.

शेवटी त्याने मोबाईल बायकोच्या हवाली केला. आला-गेला फोन तिनेच पाहावा असं ठरलं. "गुंजन, मी रडलो तरी देऊ नोको," त्याने बजावलं.

गुंजनने मोबाईल तांदळाच्या कोठीत टाकला, झाकण लावलं आणि झाकणावर पाटा ठेवला. झालं! आता अंक लिहून झालाच म्हणून समजा.

पहिल्या दिवशी इश्वरला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मनात आलं, दिवसभर कावकाव करणारा फोन वाजत कसा नाही? पाणी प्यायच्या निमित्ताने तो उठला. पाटा खाली होता. गुंजन परसात पाठमोरी उभी राहून दबक्या आवाजात बोलत होती. त्याला पाहताच पदराखाली काहीतरी गेलं. आईचा फोन होता म्हणाली. आता आईशी ती बोलायची तेव्हा पलीकडच्या गल्लीला ऐकू जायचं, दबका आवाज कुठला!

त्यानंतर कसलं लिहिणं? कागद पुढे आणि कान दाराला. मोबाईल निदान कोठीत कोंबता येतो, संशय कुठे कोंबणार? आणि तिसऱ्या दिवशी जे कानावर आलं, त्याने हातातलं पेनच गळालं.

"सासऱ्याले कायले मारता? म्हातारा बिचारा," गुंजन कोणाला तरी सांगत होती. "मारायचंच आहे त नवऱ्याले मारा. दुधातून द्या. अन् थोडा तडफडू द्या, सोपा मराले नोको."

इश्वरचे वडील बाहेर छपरीत निवांत पहुडले होते. ते वाचले बिचारे. इश्वरने त्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगून दूध नाकारलं, जेवणातला पहिला घास मांजराला घातला आणि मांजराकडे बघत बसला. मांजर मिशा पुसत निघून गेलं, तरी याला धीर येईना. चहात साखर कमी पडली म्हणून कधीमधी बोललो असेन, त्याचा एवढा सूड?

चौथ्या दिवशी संध्याकाळी गुंजन मोबाईल घेऊन गुपचूप बाहेर पडली. इश्वर मागोमाग. ती हनुमान मंदिराच्या सभामंडपात शिरली, तसा हा खांबाआडून डोकावला. नवरा झालेला गावातला श्रावण जमिनीवर तडफडत होता, शेजारी दुधाचा पेला आडवा पडला होता आणि सासरा झालेला म्हातारा सुनेचे पाय धरून रडत होता. बघणाऱ्या बाया डोळे पुसत होत्या. इश्वरही गहिवरला. मग त्याला आठवलं, की हा सासरा, ही सून आणि हे नाटक आपलंच आहे.

भय्याजींनी येऊन मिठीच मारली. "काय अंक लिवला, इश्वरभाऊ! मी रोज फोन करतो अन् तुमी काय लिवलं ते वहिनी सांगते. आता शेवट तेवढा राहिला. उद्या कागद पाठवा, नाई त वडशाची कंपनी आहेच."

इश्वरने गुंजनकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

वाटेत तीच बोलली. "मंग काय सांगू त्याईले? तुमी कोरा कागद घेऊन बसून राहिले मनून? आपली काही इज्जत आहे का नाई?"

इश्वरला राग यायला हवा होता, पण आपण जिवंत आहोत याचाच आनंद मोठा होता. घरी येताच त्याने दूध मागून घेतलं, एका घोटात संपवलं आणि पेन उघडून स्वयंपाकघरातच मांडी ठोकली.

"बरं, सांग लवकर. नवरा मेल्यावर सून काय करते?"

गुंजन कोठीला टेकून बसली होती. तिने मान वर केली नाही.

"थांबा ना जी थोडं," ती म्हणाली. "हे एक रील पाहते अन् सांगते."