बर्फ की तूप?

पोंक्षे यांच्याकडे जेवायला गेलं, की वरणभातावर तूप पडण्याआधी परीक्षा द्यावी लागायची. तुपाची वाटी हातात तशीच धरून ते विचारायचे, "बर्फ की तूप?"

पोंक्षे हे जर्मनीत, कार्ल्सरूहेतले आमचे शेजारी. मी गाड्यांच्या गिअरबॉक्समधला माणूस, ते कणभौतिकीतले. विश्व जन्मलं तेव्हा इतकं तापलेलं होतं, की अणूचं केंद्रकसुद्धा वितळलेल्या अवस्थेत होतं. ते निवताना पाण्याच्या बर्फासारखं एकदम गोठलं, की तुपासारखं हळूहळू थिजलं, एवढाच त्यांचा प्रश्न. पोंक्षे तूपवाले. त्यांच्या संस्थेतले बडे प्रोफेसर बर्फवाले. माझी बायको पहिल्यांदा भाबडेपणाने "बर्फ" म्हणाली आणि तिने वरणभात कोरडाच खाल्ला.

त्यांच्या खिडकीत तुपाच्या बरण्या रांगेने असत, एक हायझुंगला, म्हणजे खोली तापवणाऱ्या हीटरला चिकटून, शेवटची पार थंड काचेशी. आल्यागेल्याला ते त्या दाखवत. "आल्झो, तर मग सांगा, नेमकं कुठे थिजलं? नाही सांगता येत." मग सममितीवर घसरत. तापलेल्या पदार्थाला सगळ्या दिशा सारख्या, निवला की तो एक दिशा धरून बसतो. "आमच्या घराचं तेच झालं," हेही त्याच सुरात सांगत.

घटस्फोटानंतर त्यांची मुलगी मीरा आईबरोबर ड्युसेलडॉर्फला गेली होती. दर रविवारी ते तिला फोन करत आणि मराठीत बोलत. ती जर्मनमध्ये उत्तरं द्यायची, पुढेपुढे तर नुसतं हो-नाही, "जा" आणि "नाइन". मला वाईट वाटायचं. एकदा मी बोलून दाखवलं, तर म्हणाले, "घाई करायची नाही. ती काही बर्फ नाही."

संगणकावर वर्षानुवर्षं चाललेलं त्यांचं गणित अखेर सुटलं. तूपच निघालं! व्याख्यानाला सभागृह भरलं होतं. आम्हीही गेलो, समजणार काहीच नव्हतं तरी. बर्फवाल्या प्रोफेसरांनी शंकांवर शंका काढल्या आणि पोंक्षेंनी एकेक शांतपणे निकालात काढली. शेवटी त्या प्रोफेसरांनीच पहिली मूठ बाकावर ठोकली. इथे शाबासकी अशीच देतात. मग सगळं सभागृह बाकं बडवू लागलं. माझी छाती तर अशी फुगली, की जणू गणित मीच केलं होतं.

"आणखी कुणाला काही विचारायचंय?" अध्यक्षांनी जर्मनमध्ये विचारलं.

मागच्या रांगेत एका मुलीने हात वर केला. चांगली उंच झाली होती, मी ओळखलंच नाही. सगळ्या जर्मनांसमोर तिने अडखळत, पण स्वच्छ मराठीत विचारलं, "बाबा, म्हणजे तूपच ना?"

सभागृहाला काही कळलं नाही. पोंक्षेंच्या तोंडून मात्र जर्मनच बाहेर पडलं.

"गेनाऊ," अगदी बरोबर, ते म्हणाले, आणि पाठ फिरवून कोरा फळा पुसत राहिले.