तोंड दिसतंय रे, नाव सांग

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात हेमंतच्या खोलीचं दार वाजवलं, की आतून 'कोण?' असा आवाज येतो. दाराला काच आहे. मी त्याला दिसतो, तो मला दिसतो. तरीही नाव सांगितल्याशिवाय कडी निघत नाही. मी पलीकडच्याच टेबलावर हिशेब लिहितो, रोज दुपारी त्याच्या डब्यातली सुकट खातो. पण नाही! 'तोंड दिसतंय रे, नाव सांग.' एकदा चेअरमनसाहेबांनाही त्याने असंच ताटकळत ठेवलं होतं.

सोसायटीचा सर्व्हर हेमंतच्या ताब्यात. सभासदांची बँक खाती, आधार नंबर, डिझेलचा कोटा, सगळं त्यात. त्या सकाळी तो खोलीबाहेर आला तो घाम पुसतच. सर्व्हर ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो, तिच्यात एक भोक सापडलं होतं. पासवर्ड तर सोडाच, नावही न सांगता बाहेरचा कोणीही आत शिरू शकत होता. हेमंतने स्वतःच्या मोबाइलवरून शिरून दाखवलं.

"मना कोन म्हनून इचारलं पन न्हाय!" पोटच्या पोराने नाव घालवावं तसा तो दुखावला होता.

नेमक्या तेव्हाच बोटी लागलेल्या. डिझेलच्या पावत्यांसाठी दारात गर्दी, आणि ह्याने सर्व्हर बंद केला. आमच्या थळच्या कोळीवाड्यात दिवसा दाराला कडी दिसली, तर घरात भांडण चाललंय असं समजतात. त्या लोकांना हे काय पटणार?

"आमचं काय चोरनार? बोंबील?" गर्दीतली जनाबाई कोळीण कडाडली.

"मावशे, तुजं बँकेचं खातं हाय त्यात."

जनाबाई मासळीची पाटी उलटी घालून तिच्यावर बसली.

सिस्टीमवाल्या कंपनीने पाठवलेली दुरुस्ती हेमंतने चढवली. आधीच कोणी शिरून गेलं नाही ना, ते तपासलं. मग पुन्हा मोबाइलवरून नाव न सांगता आत जायला गेला. सर्व्हरने त्याला हाकलून लावलं.

"मना पन घेत न्हाय!" हेमंत चक्क नाचला. बाहेर काढल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पावत्या वाटून होईपर्यंत दुपार टळली. दोघेही उपाशी, त्यात आज त्याने डबाही आणला नव्हता. "चल, घरी जेवू," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच घरी नेलं.

घराचं दार सताड उघडं. ओटीवर त्याची आई बसली होती.

"कोन रं?"

"हेमंत. तुजा लेक."

म्हातारीने त्याला नीट न्याहाळलं. "माजा हेमंत शालेत गेलाय. पन तू भुकेला दिसतोस. ये, बस. ह्याला पन घे."

ती भाकऱ्या आणायला आत गेली. हा रोज असंच नाव सांगत असणार, हे माझ्या लक्षात आलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी हळूच म्हणालो, "अरे, तिला सांगून ठेव ना. ओळख पटल्याशिवाय कोणाला घरात घेऊ नको म्हणून."

हेमंत चपला काढत होता.

"सांगीन," तो म्हणाला. "पन तिनं ऐकलं, तर मी कुठं जाऊ?"