मुदतीचा ग्रंथ आणि हत्तीचा मान

श्रीवाग्देवता प्रसन्न असो आणि ऐकणारांस धीर देवो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख शुद्ध षष्ठी, ते दिवशी राज्यातील ग्रंथशाळा मोडली. तेथपासून जे घडले ते साहेबी विचारिले म्हणून लिहितो. पदरचे काही घातले नाही, आणि जेथे कोणी घातले तेथे तसे सांगितले आहे. राज्याचे नाव मात्र सांगत नाही, कारण तेथील मंडळी अद्याप हयात आहेत आणि रागीट आहेत.

त्या राज्यात महाराजांचे पदरी रंगो त्रिमळ म्हणून वाचनीस होते. वाचनिसाचे काम इतकेच की, पुस्तक दरबारी वाचून दाखवावे आणि लिहिणाराने लिहिले त्यात काना-मात्रेचा फरक करू नये. रंगोपंतांनी ही चाकरी चाळीस वर्षे केली. एकदा पुस्तकातील राजास पुस्तकातील राणी 'मेल्या गाढवा' म्हणाली, तेही पंतांनी महाराजांचे तोंडाकडे पाहून वाचिले आणि मग तीन महिने घरी बसले, परंतु अक्षर बदलिले नाही. आणि त्या राज्यात वाचनाची जुनी रीत होती, ती ऐसी की, प्रत्येक पान तीनदा वाचावे. प्रथम सिंहासनापुढे, वर महाराज असोत वा नुसती गादी असो; मग देवघरी कुलस्वामिनीपुढे; आणि मग पीलखान्यात गजराज भद्रसेन यांजपुढे. कारण महाराजांचे पणजोबांस या हत्तीच्या पणजोबाने लढाईतून उचलून आणिले होते, ते दिवशी त्याच्या वंशास ऐकण्याचा मान दिला तो दिला. हत्तीने कान हलविले म्हणजे पान त्यास मान्य जाहले, मगच उलटावे. न हलविले तर पुनः वाचावे. श्रावणात माशा फार, तेव्हा पाने भराभर उलटत. थंडीत एकेक पान दोन दोन दिवस चाले. कागदी पुस्तकांचे त्याने काही बिघडत नसे. ती कपाटात बसून वाट पाहत.

मग परमुलखीचा एक वकील काळ्या काचेची पाटी घेऊन दरबारी आला आणि मुजरा करून बोलता जाहला, "महाराज, ग्रंथ विकत घ्यावे, कपाटे भरावी, वाळवी पोसावी, हे कशास? पाहिजे तो ग्रंथ हवेतून या पाटीवर उतरतो. यास आमचेकडे ईबुक म्हणतात. पंधरा दिवस भाड्याने वाचावे. मुदत भरली की आपण होऊन निघून जाते." महाराज बहुत खूश जाहले आणि म्हणाले, "पाहुणा आपण होऊन जातो, याहून चांगले काय पाहिजे?" आणि लागलीच आज्ञा केली की, जितकी पुस्तके आहेत तितकी कागद कुटणारांस द्यावी, आणि कपाटे मुदपाकखान्याकडे द्यावी. तेथे लोणच्याच्या बरण्या बसल्या. अजूनही त्या राज्यात कैरीचे लोणचे मागितले तर आचारी म्हणतो, "इतिहासात आहे, आणतो." तेसमयी रंगोपंत एकटेच पुढे होऊन म्हणाले, "महाराज, मुदत पंधरा दिवसांची, आणि गजराज आपल्या लहरीने कान हलविणार. जमायचे कसे?" महाराज म्हणाले, "त्यास समजवा." मग माहुताने हत्तीस करार पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत वाचून दाखविला. हत्तीने कान हलविले नाहीत. ते कोणी मनावर घेतले नाही.

पुढे व्हायचे तेच जाहले. पंधरा दिवसांत चाळीस पाने होत, की ग्रंथ पाटीवरून नाहीसा होई, आणि परमुलखी वाट पाहणारे बहुत, सबब पुनः पाळी येण्यास चार चार महिने लागत. पाळी आली म्हणजे पहिल्या पानापासून आरंभ, कारण राज्याबाहेर जाऊन आलेला कोणीही असो, त्याने वेशीतूनच आत यावे अशी रीत. ऐसे करता करता त्या राज्यात आरंभ तेवढे सर्वांस तोंडपाठ जाहले आणि शेवट कोणास ठाऊक नाही. आचारी नवीन पदार्थाची फोडणी करीत आणि हात बांधून उभे राहत, कारण पुढील पान आले नव्हते. फौजेने युद्धाचा ग्रंथ वाचिला तो उभय दळे समोरासमोर येईपर्यंत; सबब फौज सरहद्दीवर जाई, गनिमासमोर चांगली दोन प्रहर उभी राही, आणि परत येई. गनीमही बिचारा सवयीचा जाहला. हत्तीचा मान बाजूस ठेवून सरळ वाचावे, हे मात्र कोणाच्या डोक्यात आले नाही. रीत मोडण्याची त्या राज्यात रीतच नव्हती.

आणि या समयी सरनोबत दावलजीराव घोड्यावरून पडले. उमर अठ्ठ्याहत्तर, खुब्याचे हाड मोडले. वैद्यांनी हलू नये म्हणून सांगितले, तेव्हा राव म्हणाले, "जनावराच्या वासाशिवाय मला झोप येत नाही," आणि पीलखान्यास लागून खोलीत बिछाना घालून घेतला. जन्मात पुस्तकास हात लाविला नव्हता. परंतु भिंतीपलीकडे रंगोपंत हत्तीस वाचून दाखवीत ते कानी पडू लागले. गोष्ट गोजा नामे लमाणणीची. तिचा पवळ्या नामे बैल महापुरात सुटला आणि ती त्यास शोधीत रानोरान निघाली. चाळिसाव्या पानी ती एका डोंगराच्या पायथ्याशी येई, आणि मुदत भरे. ऐसे तीन वेळा जाहले. तिसऱ्या खेपेस रावांनी भिंतीवर काठी आपटली, पंतांस आत बोलाविले आणि म्हणाले, "बैल सापडतो की नाही, एवढे सांगा." पंत म्हणाले, "मलाही ठाऊक नाही." मग रावांनी जे कोणास सांगितले नव्हते ते सांगितले. विशीत असता पळापळीत नदी ओलांडिली, तेव्हा लाखी नामे घोडी पलीकडच्या काठी चिखलात रुतून राहिली. "ती खिंकाळली. मी मागे पाहिले नाही. पुढे सरनोबत झालो, मोहिमा केल्या, पण ते काही कानांतून जात नाही." आणि म्हणाले, "पंत, त्या बैलाचे काय झाले हे ऐकल्याशिवाय मला जाता येत नाही, आणि मला तर आता जायचे आहे." चाळीस वर्षांत कोणी रंगोपंतांकडून पुस्तक इतके मनापासून मागितले नव्हते.

चौथ्या खेपेस ग्रंथ आला तो ऐन पौषात. एक माशी नाही. हत्ती डोळे मिटून उभा, कान दगडाचे. तेराव्या दिवशी पान सातवे, आणि वैद्य बाहेर येऊन म्हणाले, "राव अमावास्या काढीत नाहीत." महाराजांचा रावांवर लोभ फार. त्यांनी सातशे स्वार नगारा वाजवीत परमुलखी धाडिले की, ग्रंथ कायमचा घेऊन यावे. तेथे एक खिडकी आणि खिडकीत एक कारकून. फौजेचा सरदार गरजला, "आमचे पुस्तक आम्हांस द्या." कारकून म्हणाला, "तुमचे कधी होते? तुम्ही पुस्तक घेतलेच नाही. वाचायची परवानगी घेतली, ती उद्या तिसऱ्या प्रहरी संपते." सरदाराने विचारिले, "मग पुस्तक ठेविले आहे कोठे? आम्ही वेढा घालतो." कारकुनाने बोट वर केले. सातशे स्वारांनी मान वर करून आभाळाकडे पाहिले, सवयीप्रमाणे दोन प्रहर उभे राहिले, आणि परत आले.

पंधराव्या दिवशी दोन प्रहरी हे वर्तमान कळले. रंगोपंत उठले, पाटी उचलिली, आणि सिंहासनास पाठ करून, देवघर टाळून, हत्तीच्या पुढून मान खाली घालून रावांच्या खोलीत शिरले. हत्ती पाहत राहिला. पंतांनी दीडशे पाने एकदम उलटिली आणि वाचू लागले. राव डोळे किलकिले करून पडले होते. गोजा डोंगर चढली, काट्यांनी पाय फाटले, ती पाणीही प्यायली नाही, आणि गोष्ट संपता संपता माथ्यावर आली. पंत वाचीत होते, "तिने खाली नजर टाकिली. खाली नदी होती, आणि नदीकाठी" आणि येथे मुदत भरली. अक्षरे गेली. पाटी काळी जाहली.

पंतांनी रावांच्या तोंडाकडे पाहिले, आणि आवाज तसाच ठेवून म्हणाले, "नदीकाठी पवळ्या उभा होता."

"कोणता काठ?" रावांनी विचारिले.

"अलीकडचा."

"पोहून आला?"

"पोहून आला, असे लिहिले आहे."

"रागावला होता का तिच्यावर?"

मग काळ्या पाटीवर बोट ठेवून सावकाश म्हणाले, "नाही. तिने हाक मारिली, तेव्हा त्याने नुसती मान वळविली. ती चारा आणावयास गेली होती आणि जरा उशीर झाला, एवढेच जणू त्याच्या मनात होते."

रावांची उशी भिजली. मग राव डोळे पूर्ण उघडून म्हणाले, "पंत, तुमच्या चष्म्याच्या भिंगांत पाटी दिसते. ती विझून घटका झाली."

रंगोपंत म्हणाले, "चाळीस वर्षांची चाकरी बुडविली मी."

"बुडू द्या," राव म्हणाले. "वाचा पुढे."

आणि पंत काळ्या काचेवरून, उन्हे भिंत उतरेपर्यंत, गोजा आणि पवळ्या घरी कसे आले ते वाचीत राहिले. राव चौथ्या दिवशी सकाळी गेले, ते हसतमुखाने गेले.

पुढे श्रावणात ग्रंथाची पाळी पुनः आली. माशा उदंड, कान भराभर हलत, आणि पाटी आल्यापासून प्रथमच गोष्ट शेवटच्या पानास लागली. पंतांनी पान पाहिले. लिहिले होते की, नदीकाठ रिकामा होता, गोजा तेथे घटकाभर बसली आणि एकटी माघारी फिरली. पंतांनी चष्मा पुसला, आणि सिंहासनापुढे मोठ्याने वाचिले, "नदीकाठी पवळ्या उभा होता." महाराजांनी डोळे टिपले. देवघरी तेच वाचिले. मग पीलखान्यात वाचिले, आणि सारा दरबार मागे उभा. भद्रसेनाने पंतांकडे पाहिले. कानांवर माशा घोंघावत होत्या, तरी त्याने कान हलविले नाहीत. मग त्याने त्या पलीकडच्या रिकाम्या खोलीकडे सोंड केली, आणि दोन्ही कान हलविले.

येणेप्रमाणे हकीकत. हत्तीने मान्य केले, सबब त्या राज्यात तोच शेवट कायम आहे, आणि त्याविरुद्ध दाद नाही. ग्रंथ मुदतीने आला, मुदतीने गेला. कपाटांत लोणची आहेत. वाचनिसाने पदरचे घातले ते एवढेच, आणि ते अद्याप कोणी परत मागितले नाही. लेखनसीमा.